अम्मी घर बघायला निघाली

आमच्यात मुलगी द्यायची म्हटलं की आधी बायका घर बघायला जातात. पुरुष मंडळी बैठकीत बसून नोकरी, जमीन, भाऊबंद यांची चौकशी करत असतात, तेवढ्यात आत गेलेल्या बायका खरं काम उरकून येतात. माझी अम्मी या कामात पटाईत. रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीकाठच्या गावात, आणि पुढे दोह्यातल्या आमच्या कोकणी मंडळींतही, कुणाच्या मुलीचं जमायला लागलं की अम्मीला बरोबर नेत. ती सोफा, पंखे, शोकेस यांच्याकडे ढुंकूनही बघत नसे. ती प्यायला पाणी मागायची. पाणी कोण आणून देतं, देताना त्याच्या चेहऱ्यावर काय असतं आणि त्या घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं, एवढंच ती बघून यायची. माझ्या मोठ्या बहिणीला आलेलं एक चांगलं तालेवार स्थळ तिने असंच मोडलं. सासू जेवत होती आणि दोन्ही सुना भिंतीला टेकून उभ्या होत्या, तेवढं तिला पुरलं. समोर ठेवलेला चहा तसाच टाकून ती परत आली आणि अब्बांना म्हणाली, “पोरगी उभी राह्यला नाय जन्माला घातली मी.”

माझ्या एकोणिसाव्या वर्षी ती माझ्यासाठीही घर बघायला निघाली. स्थळ कसलं नव्हतंच. एक लँड क्रूझर होती, माझे तीन वर्गमित्र होते आणि कतारच्या दक्षिण टोकाला वाळूत शिरलेली एक खाडी होती.

दोन हजारच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. आम्ही दोह्याच्या मदिनत खलीफा वस्तीत राहायचो, एका मोठ्या व्हिलाचे तुकडे करून भाड्याने दिलेल्या भागांपैकी एका भागात. अब्बा एका कंपनीत स्टोअरकीपर होते. मी एका परदेशी विद्यापीठाच्या दोह्यातल्या शाखेत शिकत होते आणि आमच्या अख्ख्या गोतावळ्यात असं शिकणारी मी पहिली, हे मी कुणाला विसरू देत नसे. त्या वर्षी आमच्याकडून एका विद्यार्थ्याला सहा महिन्यांसाठी नॉर्वेला पाठवायचं होतं. तिकडून एक मुलगी आमच्याकडे आलेली होती, तिच्या बदल्यात आमच्यातलं कुणीतरी जाणार. निवड माझी झाली. खूप जणांनी अर्ज केले होते, मुलाखती झाल्या होत्या, आणि निवड माझी झाली. आज इतक्या वर्षांनीही हे वाक्य दोनदा लिहिताना मला बरं वाटतंय, तर वाटू दे.

घरून होकार तेवढा बाकी होता. रविवारी ऑफिसात जाऊन हो किंवा नाही सांगायचं होतं. अब्बांनी सरळ अंग काढून घेतलं. “मना काय इचारतंस, तुझ्या आईला इचार,” म्हणाले आणि पेपर उघडून बसले. अम्मी काहीच बोलेना. ती भांडली असती तर मी भांडले असते. पण ती कोलंबी सोलत बसली होती, आणि तिच्या त्या गप्प सोलण्यापुढे माझं काही चालत नसे.

खरं तर घरात माझं कुठेच काही चालत नसे, कारण मी बोलतच नसे. आमच्या घरात बोलणं अम्मीचं. तिच्या उरलेल्या जागेत बहीण बोलायची, धाकटा भाऊ मराठीतल्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं द्यायचा, आणि मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायचे. पाहुणे विचारायचे, “ही तुमची मधली मुकी आहे काय?” बाहेर मात्र माझ्या तोंडाला कुलूप नव्हतं. वर्गात वाद घालायचा तो मीच, कॅन्टीनवाल्याशी हिंदीत भांडायचं ते मीच, आणि गार्डकडून अरबीत गोड बोलून गेट उघडून घ्यायचं तेही मीच. अम्मीने यातलं काहीच कधी पाहिलेलं नव्हतं. तिच्या हिशेबी एक मुकं पोर बर्फात जाऊन पडणार होतं, आणि तिथे त्याला पाणी कोण देणार हे तिला ठाऊक नव्हतं.

सहलीची कल्पना नॉर्वेच्या मुलीवरून निघाली. तिला घरची आठवण यायला लागली होती. तिच्या गावाकडे म्हणे समुद्र डोंगरांच्या पोटात खोल शिरतो, रस्ता पाण्यापाशी येऊन संपतो, तिथे बोट उभी असते, गाडीसकट बोटीत चढायचं, पलीकडे उतरलं की पुन्हा रस्ता. सुट्टीत मित्रमैत्रिणींनी एक गाडी काढायची आणि अशी खाडीमागून खाडी ओलांडत जायचं. हे सगळं ती इतकं रंगवून सांगायची की आमच्यातला सुदानी मुलगा एक दिवस चिडून म्हणाला, “आमच्याकडेही आहे. डोंगर वाळूचे आहेत एवढंच.” तो जन्माने दोह्याचाच. ती जागा म्हणजे खोर अल अदैद. अरबीत खोर म्हणजे खाडी. दक्षिणेला समुद्राचा एक हात वाळवंटात खोल घुसलेला आहे, तिथवर रस्ता जात नाही, वाळूच्या टेकड्यांवरूनच गाडी न्यावी लागते. सुदानीच्या मोठ्या भावाची लँड क्रूझर मिळणार होती. चौथी आमच्यातली पॅलेस्टिनी मुलगी, जिला कुठेही जायला चालायचं, फक्त गाणी तिने लावायची. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की निघायचं, मुक्काम तिथेच, शनिवारी परत.

मुक्काम म्हटल्यावर घरी नाहीच म्हणणार हे मला माहीत होतं. तरी विचारलं. अम्मीने कोलंबीवरून नजर उचलली.

“कोण कोण हाय?”

मी सांगितलं.

“तिकडं ज्यांच्यात जायचं तसलीच माणसं ना ही?”

“हो.”

“मंग मी येतंय,” अम्मी म्हणाली. “पोर पाठवायची तर घर बघायला नको?”

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी मित्रांना चाचरत सांगितलं तर सुदानी उलट खूश झाला. मित्रांच्या आयांना तो खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. “खाला येणार? मग जेवणाची चिंता खलास!” पॅलेस्टिनी मुलीने मला विचारलं, “तुझी आई मजेशीर आहे का?” मी म्हटलं, “नाही.”

शुक्रवारी दुपारी गाडी आमच्या दाराशी आली तेव्हा अम्मीने व्हिलाच्या व्हरांड्यात अर्धं स्वयंपाकघर आणून मांडलं होतं. अखनी, म्हणजे आमच्याकडचा मटणाचा मसालेभात, तिचा मोठा टोप दुपट्ट्यात बांधलेला. दुसऱ्या टोपात सुरमईचं कालवण. तांदळाच्या भाकऱ्यांची चळत. शेगडी आणि गॅसचा सिलिंडर. पाण्याचे कॅन, बर्फाची पेटी, जाड प्लॅस्टिकच्या दोन लांबरुंद चटया, आणि खलबत्ता. खलबत्ता कशाला, असं मी डोळ्यांनीच विचारलं. ती म्हणाली, “तिकडं गेल्यावर आलं कुटायचं कशात?”

“अम्मी, एक रात्र तर आहे.”

“हात हलवत जातात होय कुणाचं घर बघायला?”

सुदानीने सामानाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, अम्मीकडे पाहिलं. मोठ्या बाईला नाही म्हणणं त्यालाही जमणारं नव्हतं. त्याने एकेक वस्तू उचलून मागे लावली आणि प्रत्येक वस्तूबरोबर गाडीची मागची बाजू थोडी थोडी बसत गेली. मला ते दिसलं होतं. पण मी घराच्या दारात उभी होते, आणि त्या दारात मला बोलायची सवय नव्हती.

अम्मीला मानाने पुढची सीट मिळाली. दोह्यात त्या वर्षी जिकडे तिकडे खणून ठेवलेलं, क्रेनच क्रेन, आणि त्यातून वाट काढत आम्ही दक्षिणेकडच्या वक्रा गावाच्या रस्त्याला लागलो. दुसऱ्या गाडीत वर्गातली आणखी चार मुलं होती, ती आमच्या पुढे होती, आणि या गोष्टीत त्यांचं फारसं काम नाही. वक्रा मागे पडेपर्यंत अम्मी खिडकीतून दुकानं बघत होती. मग तिने मान वळवून नॉर्वेच्या मुलीला निरखलं आणि चौकशी सुरू झाली. प्रश्न मराठीत माझ्याकडे, मी इंग्रजीत तिच्याकडे, उत्तर उलट्या वाटेने परत. भावंडं किती? आई काय करते? घर स्वतःचं की भाड्याचं? मी शरमेने अर्धमेली होऊन भाषांतर करत होते, तेही तोंडातल्या तोंडात.

“बाप काय करतो?”

“तिचे वडील बोट चालवतात. त्या खाडीवरची. लोकांना आणि गाड्यांना इकडून तिकडे नेतात.”

अम्मी पूर्ण वळून बसली. “तरीवर हाय बाप?” आमच्या गावात खाडी ओलांडायची होडी म्हणजे तर. अम्मीचं माहेर खाडीच्या पलीकडचं, त्यामुळे लग्न होऊन ती सासरी आली तीच तरीतून. “पावसात बंद ठेवतात काय गं?” तिचा हा प्रश्न मी पुढे इंग्रजीत विचारला. नॉर्वेची मुलगी म्हणाली, फार वादळ असेल तरच, नाहीतर बाबा रोज जातात, कारण पलीकडे शाळा आहे, दवाखाना आहे, माणसं थांबलेली असतात. अम्मीने ते ऐकून घेतलं आणि पुन्हा समोर बघायला लागली. तिला काय वाटलं ते तिच्या पाठीवरून कळायला मार्ग नव्हता.

डांबरी रस्ता संपला तिथे उंट आणि त्यांचे मालक बसलेले होते. सुदानीने चारी टायरमधली हवा कमी केली, कारण टायर जरा चपटे झाले की वाळूवर तरतात. आणि मग टेकड्या सुरू झाल्या. गाडी नाक वर करून चढायची, क्षणभर समोर नुसतं आभाळ दिसायचं आणि मग गाडी धाडकन खाली जायची. पॅलेस्टिनी मुलगी किंचाळत होती, नॉर्वेची हसत होती. अम्मी मोठ्याने दुवा म्हणत होती आणि मागे वळून आम्हाला टोपाचं झाकण दाबून धरायला लावत होती. एका उतारावर सुदानी म्हणाला, “खाला, डोळे मिटा.” अम्मी हिंदीत म्हणाली, “मैं क्यूँ मिटूँ, तू खुले रख.”

आणि शेवटच्या टेकडीवरून ती खाडी दिसली. पिवळ्या वाळूचे उंच डोंगर सरळ पाण्यात उतरलेले आणि त्यांच्यामध्ये निळं, निवांत, बिनलाटांचं पाणी. पलीकडचा काठ सौदीचा. नॉर्वेची मुलगी खाली उतरली आणि बूट काढून वाळूत बसली. मग म्हणाली, “आवाज तसाच आहे. म्हणजे आवाज नाही, तो तसाच.” मी ते अम्मीला सांगितलं. अम्मीने पाण्याकडे बघून घेतलं आणि म्हणाली, “ओहोटी हाय आता.” कुठलंही पाणी दिसलं की ती आधी हेच बघायची.

संध्याकाळी जेवणं झाली. चटईवर अम्मी मधे बसून वाढत होती आणि मी जिवाच्या आकांताने एकेकाकडे बघत होते. ही काय बघतेय ते मला माहीत होतं आणि त्यांना माहीत नव्हतं. नॉर्वेच्या मुलीने कालवणात बोटं घातली, काटे निमूटपणे काढून ताटाच्या कडेला लावले आणि दुसऱ्यांदा मागून घेतलं. सुदानीने अम्मीला पाणी दिलं, पण ते बाटलीसकट तिच्या मांडीवर ठेवून. पॅलेस्टिनी मुलगी गाण्याच्या नादात ताट तसंच टाकून उठली. मी मनात गुण मांडत होते आणि कापत होते. एरवी अशा वेळी सगळ्यात जास्त बडबड माझी असायची. त्या दिवशी अम्मी समोर होती, आणि मी घरातल्यासारखीच गप्प झाले होते. माझे मित्र माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघत होते. दुसऱ्या गाडीतल्यांनी तंबू आणले होते. झोपताना तंबूत अम्मी आम्हा मुलींच्या आणि दाराच्या मधे आडवी झाली, तेव्हा मी हळूच विचारलं, “कशी आहेत?” ती म्हणाली, “झोप.”

सकाळी दुसरी गाडी आधी निघाली. आम्हीही निघालो, पण नॉर्वेच्या मुलीला पाण्याच्या अगदी कडेने एकदा जायचं होतं, फोटोसाठी. किनाऱ्याजवळची जमीन सपाट आणि कडक दिसत होती, वर मिठाचा पांढरा पापुद्रा धरलेला. सुदानीने गाडी तिकडे वळवली. थोडं अंतर बरं गेलो. मग खालून पापड मोडल्यासारखा आवाज आला आणि गाडीची मागची बाजू, तीच, घरून निघतानाच बसलेली, खचकन चिखलात गेली.

सुदानीने ॲक्सिलरेटर दाबला. चाकं फिरली, चिखल उडाला, गाडी आणखी खाली. त्याने पुन्हा दाबला. गाडी भावाची होती आणि भावाला त्याने सांगितलेलं नव्हतं की आपण इतक्या लांब जाणार आहोत, हे त्याने तेव्हा सांगितलं. फोनला रेंज नव्हती. पुढची गाडी टेकड्यांपलीकडे दिसेनाशी झालेली. डोळे पुसत त्याने तिसऱ्यांदा दाबला. तेवढ्यात अम्मी खिडकीतून बाहेर बघत शांतपणे म्हणाली, “पाणी चढतंय.”

मी बघितलं. मघाशी लांब असलेली पाण्याची कड जवळ आली होती. त्या सपाटीवर भरतीचा गाजावाजा होत नाही, पाणी नुसतं पसरत येतं. अम्मी खाडीवर वाढलेली आणि मी तिच्या पोटची. आम्हा दोघींना यातलं कळत होतं. गाडी तिथेच राहिली असती तर दुपारपर्यंत दारापर्यंत पाणी आलं असतं.

त्यानंतर मी विचार केला नाही. आवाज आपोआप निघाला, वर्गातला, कॅन्टीनमधला, गेटवरचा, माझा रोजचा आवाज.

“खलास! पाय काढ त्याच्यावरून!” सुदानीला अरबीत. “यल्ला, सगळे खाली!” सगळ्यांना. नॉर्वेच्या मुलीला सांगितलं, चारी टायरमधली आणखी हवा काढ, मी सांगेपर्यंत थांबू नको. पॅलेस्टिनी मुलीला म्हटलं, बूट काढ आणि टेकडीवर पळत जा, ओढणी हलव, पुढच्यांनी मागे वळून पाहिलं तर दिसेल. सुदानीला म्हटलं, रडायचं ते नंतर रड, आधी हाताने चाकांपुढचा चिखल उकर. मी स्वतः मागचं दार उघडून सामान खाली ओढायला लागले. सिलिंडर, पेटी, कॅन. माझी सलवार गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती.

अम्मी अजून पुढच्या सीटवर होती. मी टोपाला हात घातला तशी ती ओरडली, “अखनी हाय त्यात! चिखलात ठेवू नको!”

“अम्मी, उतर,” मी म्हणाले. “टोप घे, त्या उंचवट्यावर जा आणि तिथे उभी राहा. आत्ताच्या आत्ता.”

मी तिच्याशी आयुष्यात कधी असं बोलले नव्हते. खरं तर तिच्याशी इतकं सलग बोललेच नव्हते. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं, नॉर्वे गेलं. पण तिने टोप उचलला, सलवार वर खोचली आणि सांगितलेल्या उंचवट्यावर जाऊन उभी राहिली.

आम्ही उकरत होतो. चाकं मोकळी झाली, पण पुढे नुसता चिखल, चाकाला धरायला काही नाही. मी इकडेतिकडे बघतेय तोच अम्मी चिखल तुडवत परत आली. तिच्या काखेत दोन्ही चटया होत्या. सूक वाकिफच्या बाजारातून घासाघीस करून आणलेल्या, कुणाला पाय पुसू न दिलेल्या. “ह्या घाल,” म्हणाली. मी एक डाव्या चाकापुढे सरकवली, एक उजव्या. पाणी मागच्या टायरला लागलं होतं.

“हळू,” मी सुदानीला म्हणाले. “तुझ्या आईला घेऊन जातोयस असं समज.”

आम्ही चौघी मागून लोटायला लागलो, पॅलेस्टिनी मुलगीही धावत परत आली होती. नॉर्वेची मुलगी, पॅलेस्टिनी, मी आणि अम्मी, चौघींचे खांदे गाडीला. मी ओरडत होते, इंग्रजीत, अरबीत, आणि मधेच मराठीत, “अजून! अजून जोर लावा!” चटया करकरल्या, चाकांनी त्या पकडल्या, गाडीने एक आचका दिला आणि ती निघाली. सुदानीने ती थेट कोरड्या वाळूवर नेऊनच थांबवली. चटयांच्या चिंध्या झाल्या होत्या. मागे वळून पाहिलं तर आमचे खड्डे पाण्याने भरत होते.

मग सगळे एकदम बोलायला लागले. पॅलेस्टिनी मुलगी माझ्या गळ्यात पडली. सुदानी अम्मीला सांगायला लागला, हिंदी-इंग्रजी-अरबीची खिचडी करत, की खाला, ही वर्गातही अशीच आहे, आम्ही सगळे हिला घाबरतो, सरही घाबरतात, मागच्या वर्षी लॅबची वेळ वाढवून हवी होती तर कुणाची हिंमत होईना, ही गेली आणि घेऊन आली. मी त्याला गप्प बस म्हणून डोळे वटारत होते. अम्मी माझ्याकडे बघत होती. चिखलाने भरलेल्या माझ्या पायांपासून वरपर्यंत, सावकाश, पाहुण्याच्या घरात बघते तशी. मला फार अभिमान वाटत होता, तिचाही आणि माझाही. कुणी मला त्या क्षणी विचारलं असतं की जगातली सगळ्यात धडधाकट दोन माणसं कोण, तर मी आमच्याकडे बोट दाखवलं असतं.

गाडीत पुन्हा सगळं भरलं तर पुन्हा बसेल, म्हणून अम्मीने तोडगा काढला की अखनी पोटात घालूनच न्यायची. टेकडीच्या सावलीत टोप मधे ठेवला. ताटं चिखलात गेली होती, म्हणून सगळ्यांनी टोपातूनच खाल्लं, एकाच वेळी, हात धुवून. शेवटी कोण जेवलं हे तिथे ठरवताच आलं नसतं. पाण्याचा उरलेला कॅन जड म्हणून ओतून द्यायचा ठरला, तर नॉर्वेची मुलगी म्हणाली, थांबा, आणि तिने त्या पाण्याने अम्मीचे पाय धुतले. अम्मी “नको, नको” म्हणत होती आणि पाय पुढे करत होती.

परतताना अम्मी पुढे बसायला तयार झाली नाही. तिने मला पुढे पाठवलं आणि स्वतः मागे, नॉर्वेच्या मुलीशेजारी जाऊन बसली. टेकड्या संपल्या, डांबर लागलं, सुदानीने एका पंक्चरवाल्याकडे टायरमध्ये हवा भरून घेतली. पुढची गाडी तिथेच आमची वाट बघत होती. त्यांनी ओढणी पाहिलीच नव्हती. वक्रा आलं तरी अम्मीने निकाल दिलेला नव्हता. मी गाणी ऐकत असल्याचं दाखवत होते. मधेच मला वाटत होतं की मी तिच्यावर ओरडले तिथेच सगळं बिघडलं, आणि मधेच वाटत होतं, बिघडलं तर बिघडलं, मी जशी आहे तशी तिने एकदा पाहिली.

“हिला इचार,” मागून अम्मीचा आवाज आला, “तिकडं थंडीत कपडे वाळत कुठं घालतात?”

मी मान वळवली. अम्मी माझ्याकडे बघत नव्हती, त्या मुलीकडे बघत होती. जिला मुलगी पाठवायची नाही तिला नॉर्वेतल्या वाळत घातलेल्या कपड्यांशी काय करायचंय? मी गाण्याचा आवाज कमी केला आणि विचारलं. ती म्हणाली, घरं आतून गरम असतात, तळघरात दोऱ्या बांधलेल्या असतात, सकाळपर्यंत सगळं वाळतं.

“चादरीपण?”

“चादरीपण.”

अम्मीने मान डोलावली. तिने त्या मुलीचा हात आपल्या हातात घेतला आणि मला म्हणाली, “आता मी बोलतंय तसं हिला सांग. मधलं काय गाळू नको. सांग, आमची पोर बोलकी हाय. चार माणसांना कामाला लावते. तुझ्या बापाच्या तरीवर बसली तर तर पण चालवील. पण तिकडं कधी गप्प झालीशी दिसली, तर मना फोन करायचा. मी येईन.”

मी सांगायला लागले. बोलकी आहे, कामाला लावते, बोट चालवेल, सगळं इंग्रजीत नीट सांगितलं. गप्प झाली तर फोन कर, तेही सांगितलं. शेवटचे दोन शब्द मात्र माझ्या तोंडून निघेनात. मी तशीच मागे वळून बसले होते. अम्मीने ते पाहिलं. मग तिने स्वतःच स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि तो हात विमानासारखा तिरका वर नेला, गाडीच्या छताला लागेपर्यंत.